आबांची ९१ ची महिंद्रा पिकअप रोज चालवायचीय, सुरुवात कुठून करू?

मळ्यातला
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज अडलं म्हणून धागा काढतोय. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आमच्या आबांनी १९९१ ला महिंद्राची पिकअप घेतली. आरसीवर एनसी ६६५ डीपी असं आहे, डिझेल प्यूजो इंजिन, चार गेअर, पुढं केबिन मागं हौदा. तासगावाकडची द्राक्षं, बेदाणा, शेणखत, आत्याच्या लग्नातलं रुखवत, आणि मी जन्माला यायच्या रात्री आईला मिरजेला नेलं ते, सगळं ह्याच गाडीतनं. मागच्या फाळक्यावर आबांनी पेंटरकडून तिन्ही पोरांची नावं लिहून घेतलेली, वडील, काका आणि आत्या, त्यात आत्याचं 'शकुंतला' ऐवजी पेंटरने 'शंकुतला' केलंय आणि ते तसंच राहिलं, आबा म्हणायचे पैसे देऊन झालेत आता कशाला.

आबा २००९ ला गेले. नंतर वडील मळ्यापुरती चालवायचे. गेलं दीड वर्ष ती शेडमध्ये उभी आहे, हौद्यात कोंबड्या बसतात. मी आता पुण्यातलं सोडून गावी आलोय, नोकरी सांगलीत, म्हणजे रोजचं जाऊन येऊन ५० किमी. मेव्हणे म्हणतात जुनी ऑल्टो घे. पण माझ्या डोक्यात ही गाडी बसलीय. शोसाठी नको, रोज ऑफिसला न्यायला आणि सीझनला मळ्यात चालवायला.

आजची अवस्था: सेल्फ मारला की नुसतं टक् होतं, क्लच दाबला तरी सुटत नाही, ब्रेक पेडल थेट जमिनीला, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा इतका कुजलाय की रस्ता दिसतो, स्टेअरिंगला अर्धा फेरा प्ले. इंजिन मात्र बंद पडलेलं नव्हतं, सकाळी थोडा पांढरा धूर टाकायची तेवढंच.

बजेट दीड लाख. रंग ओरिजिनल फिकट निळा द्यायचा विचार आहे, एका रंगवाल्याने ४५ हजार सांगितलेत. चांगला आहे का रेट?

उद्यमनगरी
भावा पहिलं म्हणजे रंगाचं नाव काढू नगंस. पेडल जमिनीला लागतंय आणि तू निळा का पांढरा विचारतोयस. मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो, माझ्याकडं अशा गाड्यांचे पार्ट टर्निंगला येतात, रंग चकाचक आणि आत सगळा आनंद. रंग सगळ्यात शेवटी, आणि पैसे उरले तर.

सेल्फ मारू नको आता. दीड वर्ष उभं इंजिन, पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असू शकतात, तसाच दणका दिलास तर रिंग तुटून लायनरला चर पडंल. डिझेल फवारणारे नोझल चारी काढ, प्रत्येक भोकातनं दोन झाकण इंजिन ऑइल सोड, दोन दिवस ठेव, मग क्रँक पुलीला पान्हा लावून हातानं फिरव. फिरलं की निम्मा विजय. नाही फिरलं तर जोर करायचा नाही, हेड उतरवायचं.

डिझेल टाकीतलं सगळं काढून टाक. टाकी उतरवूनच धू, खाली जो गाळ असतो तो एकदा पंपात गेला की पंपवाला तुझ्या नावानं दिवाळी करतो.

मळ्यातला
उद्यमनगरी दादा धन्यवाद, नोझल काढतो रविवारी. रंगाचं कळलं 🙂

वऱ्हाडी_ठोसा
अबे कायले एवढा खटाटोप. भंगारात दे ना बे, ३४ वर्षांची गाडी. सेकंडहँड बोलेरो पिकअप घे, पावर स्टेअरिंग येते, पार्ट दर गावात भेटते. भावना एका जागी, रोजचे ५० किलोमीटर एका जागी. रोज सकाळी गाडी सुरू होईल का नाही याचा विचार करत उठाल तर एका महिन्यात आबाची आठवण शिव्या देऊन काढाल.

मळ्यातला
वऱ्हाडी भाऊ, तुमचं चूक नाही, बायकोही हेच म्हणते, फक्त 'बे' लावत नाही.

फॉर्म_३१
इंजिन, रंग, सगळं राहू द्या बाजूला, एक विचारतो. आरसी कुणाच्या नावावर आहे?

मळ्यातला
आबांच्याच. एजंटकडून दरवर्षी पासिंग होत होतं, कुणी काही विचारलं नाही.

फॉर्म_३१
मला वाटलंच. आता नीट ऐका, कारण ह्या कामात गाड्या गंजून मरत नाहीत, कागदावर मरतात.

मालक वारला की वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नावावर करून घ्यायची असा नियम आहे. तुमचे सोळा वर्षं झाले. होत नाही असं नाही, होतं, पण मृत्यू दाखला, वारसांचं संमतीपत्र, प्रतिज्ञापत्र सगळं लागणार. म्हणजे वडील, काका, आत्या तिघांच्या सह्या, आजी असतील तर त्यांचीही. हे खर्चाच्या आधी करा. मी स्वतः बघितलंय, पुतण्याने दोन लाख घालून गाडी उभी केली आणि मग चुलत्याला अचानक आठवलं की ह्यात माझाही वाटा आहे.

दुसरं. तुमची गाडी मालवाहू म्हणून पासिंग आहे ना? पिवळी पाटी? मग खाजगी कारसारखं १५ वर्षांनी एकदा नूतनीकरण हा प्रकार तुम्हाला नाही, तुम्हाला दरवर्षी फिटनेस. तो कधी संपला ते बघा. केंद्राच्या नियमात उशिराला दिवसाला ५० रुपये जादा फी लिहिलेली आहे, १४ महिने झाले असतील तर सव्वाचारशे दिवस गुणिले ५०, एकवीस हजाराच्या वर. खिडकीवर जाऊन तुमच्या नंबरला नक्की किती निघतायत ते आधी विचारून या. शिवाय १५ वर्षांवरच्या मालवाहूची फिटनेस फी २०२२ च्या एप्रिलपासून भलतीच वाढवलीय, तीही मोजा. पर्यावरण कर आहे. नवीन नंबरप्लेट, एचएसआरपी, चारचाकीला ७४५ अधिक जीएसटी. आणि विमा, मालवाहू साडेसात टनाच्या आतली म्हणून थर्ड पार्टी २०२२ च्या दराने १६,०४९ अधिक जीएसटी, खाजगी मोठ्या कारला तोच ७,८९७ आहे. हा फरक दरवर्षीचा.

चांगल्या बातम्या पण आहेत. एकूण वजन ३००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही. आणि लायसन्स, तुमचं साधं कारचं एलएमव्ही चालतं, सुप्रीम कोर्टाने २०१७ ला सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने परत तेच कायम केलं, साडेसात हजार किलोच्या आत वेगळा बॅज, म्हणजे लायसन्सवर मालवाहूचा शेरा, लागत नाही.

जुनं_ते_सोनं
एवढं कशाला, व्हिंटेजमध्ये नोंदवून टाका की! सगळी कटकट संपली.

फॉर्म_३१
व्हिंटेजला गाडी ५० वर्षांच्या वर लागते साहेब, ही ३४. आणि २०२१ च्या त्या नियमात स्पष्ट आहे की व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच. ह्यांना रोज सांगली गाठायचीय.

मळ्यातला
फॉर्म_३१ साहेब, तुम्ही झोप उडवलीत. काल काकांकडे गेलो. काका म्हणाले "सही देतो की, पण सीझनला आठ दिवस गाडी मला." ठीक. आत्या इचलकरंजीला. ती म्हणाली सही देते पण दोन अटी, नंबर बदलायचा नाही आणि फाळक्यावरचं माझं नाव पुसायचं नाही. मी हसलो, म्हटलं आत्या हे काय. ती म्हणाली, "बाकी सगळं तुम्हा पोरग्यांच्या नावावर झालं, हौद्यावर तरी राहू दे." मग मी काही बोललो नाही.

मॅटाडोरवाली
धागा वाचून गलबललं. आमच्याकडे पपांची मॅटाडोर होती, बजाज टेंपोची, दूध संकलनाची. दोन वर्षांपूर्वी मी आणि भावाने ती परत चालू केली म्हणून चार गोष्टी सांगते, शहाणपणा म्हणून नाही, हात पोळलेत म्हणून.

गाडी एका 'रिस्टोरेशन' वाल्याकडे दिली आणि तो म्हणाला ताई चार महिने. चौदा महिने झाले. पहिल्या महिन्यात सगळी खोलून ठेवली, अ‍ॅडव्हान्स घेतला आणि मग दुसऱ्या गाड्या घेत बसला. खोललेली गाडी उचलून दुसरीकडे पण नेता येत नाही, नटबोल्ट कुठले कुठे. तेव्हा एका वेळी एकच काम खोलायचं. ब्रेक खोलले की ब्रेक पूर्ण बसवायचे, मग क्लचला हात. पैसे पण तसेच, कामाच्या टप्प्याने. गाडी आपल्या दारात ठेवून मिस्त्रीला बोलवता आलं तर त्याच्यासारखं सुख नाही.

नटबोल्ट काढले की डबीत घालून चिठ्ठी चिकटवायची, वायरिंग कापायच्या आधी फोटो. मी म्हटलं लक्षात राहील. राहत नाही. वायपरची मोटर लावल्यावर हॉर्न वाजायचा.

आणि सीटबेल्ट! ९१ च्या तुमच्या गाडीत नसणारच. रोजची म्हणताय ना, मग लावून घ्याच, पण पत्र्याला नुसता बोल्ट मारून नाही, पलीकडून जाड प्लेट वेल्ड करून.

उद्यमनगरी
ताईंना शंभर टक्के अनुमोदन. आता ब्रेकचं सांगतो.

आधी तुझा मास्टर सिलिंडर बघ, तेलाची टाकी एक खणाची का दोन. जुन्या जीपड्यांना सिंगल असायचा, म्हणजे चारी चाकांचं तेल एकाच लाईनवर, एका चाकाचा पाईप फुटला की चारी चाकांचा ब्रेक गेला. तसा असंल तर काढ आणि टँडम बसवून घे, पुढचं वेगळं मागचं वेगळं. स्टीलचे पाईप सगळे नवीन, रबरी होज नवीन, व्हील सिलिंडरला किट घालत बसू नको, आत खड्डे पडलेले असतात, नवीनच घे. ब्रेकचे लायनर जुने असतील तर फुंकर मारून साफ करायचे नाहीत, जुन्या लायनरात ॲस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्यानं पूस. पुढं बोलेरोचा डिस्क पण बसवतेत लोकं, पण चारी ड्रम नीट केलेस आणि ड्रम टर्निंग करून घेतलेस तर ६० च्या स्पीडला गाडी जागेवर थांबते.

मळ्यातला
इंजिन हाताने फिरलं!!! दोन दिवस ऑइल ठेवून, वडील आणि मी, पान्ह्याला पाईप न लावता. वडिलांनी लगेच आजीच्या फोटोला नमस्कार केला, आबांच्या नाही, म्हणाले आबांनी शिवी दिली असती एवढा वेळ लावला म्हणून.

गावातलेच जुने मिस्त्री घरी यायला तयार झालेत, आबांच्या वेळचे, वय ७० च्या पुढं, हातात पान्हा त्यांचा नातू धरतो आणि ते खुर्चीवर बसून सांगतात. त्यांचा प्रश्न एकच, "हाफ करायचं का फुल?" काय करू? फुल म्हणजे क्रँकसकट सगळं इंजिन, त्याला ते लाखाच्या घरात म्हणतायत.

उद्यमनगरी
न बघता ना हाफ ना फुल. आधी कॉम्प्रेशन चेक कर. चारी सिलिंडर सारखे असतील आणि ऑइल पीत नसेल तर क्रँकला हात लावू नको. तुझं इंजिन एक्सडीपी ४.९० म्हणत्यात ते, नव्वदचा बोअर, त्र्याऐंशीचा स्ट्रोक, २११२ सीसी, एमएम ५४० जीपला हेच होतं. साठ-एक हॉर्सपॉवर, आजच्या हिशोबानं काहीच नाही, पण जिद्दी आहे.

पांढरा धूर सकाळी म्हणजे बहुतेक हीटर प्लग गेलेत नाहीतर नोझल गळतंय. ह्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही, आधी हेडमधल्या छोट्या खोलीत पेटतं, म्हणून थंडीत हीटर प्लग तापल्याशिवाय ते पेट घेत नाही. चारातले दोन गेले की दोन सिलिंडर चालू, दोन नुसते डिझेलची वाफ फेकणार.

पंप आणि नोझल मायकोच्या चांगल्या माणसाकडनं कॅलिब्रेट करून घे. कंपनीचं नाव २००८ लाच बॉश झालं पण आमच्याकडं अजून मायकोच. आणि त्याला सांग आतले सील सगळे बदल, व्हायटॉन रबराचे घाल. कारण नव्वदच्या दशकात डिझेलमध्ये गंधक एक टक्क्यापर्यंत असायचं, म्हणजे दहा हजार पीपीएम, आता एप्रिल २०२० पासून दहा पीपीएम. नुसतं गंधक गेलं असं नाही, ते काढताना डिझेलची जातच बदलती, जुनं रबर त्यात आकसतं आणि पंप पाझराय लागतो. लोकं म्हणत्यात पंप खराब झाला, पंप बरा असतो, सील वीस-शंभर रुपयाचे असतेत.

वऱ्हाडी_ठोसा
हे सीलचं माहीत नव्हतं. आमच्या ट्रॅक्टरचा पंप याच लफड्यात बदलला बे आम्ही. १८ हजार.

जर्सीचा_जावई
न्यू जर्सीहून लिहितोय. इकडे महिंद्राने २०१८ मध्ये रॉक्सर आणली, बघायला अगदी आपली जीप, पण रस्त्यावर चालवायला नाही, शेतात आणि डोंगरातच, तरी जीपवाल्यांनी दिसण्यावरून कोर्टात खेचलं. शेवटी महिंद्राला तोंडवळा बदलावा लागला. गंमत म्हणजे महिंद्राने १९४७ पासून विलिज जीपच जोडायला सुरुवात केलेली, म्हणजे चेहरा कुणाचा हा प्रश्न तसा घरातलाच. मळ्यातले भाऊ, २५ वर्षांवरची गाडी इकडे आयात करता येते, कंटाळलात तर कळवा 😀

मळ्यातला
जावईबापू, आत्याची सही लागेल.

मळ्यातला
अपडेट, अडीच महिन्यांनी. गडबडीत होतो, छाटणी आली मधे.

कॉम्प्रेशन तीन सिलिंडर छान, एक कमी. हेड उतरवलं, व्हॉल्व नीट बसत नव्हता, घासून घेतला, नवीन हेड पॅकिंग. रिंगा बदलल्या म्हणजे हाफ इंजिनच झालं, क्रँकला हात लावला नाही. चारातले तीन हीटर प्लग मेलेले निघाले. पंप सांगलीत दिला, सील बदलून आला. क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली, गेअरबॉक्स उतरवावाच लागला, मग प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं घालून टाकलं, परत कोण उतरवणार.

मास्टर सिलिंडर सिंगलच होता. टँडम बसवला. आबा अठरा वर्षं द्राक्षं भरून सांगलीच्या मार्केटला एका लाईनच्या भरवशावर जात होते, हे कळल्यावर वडील अर्धा तास गप्प बसले.

सगळ्यात वाईट बातमी पत्र्याची. पायाखालचाच नाही, केबिन जिथं चेसीवर बसते ते दोन्ही कोपरे गेलेले. टिंकरिंगवाला म्हणाला लांबी (पुट्टी) भरून देतो, कळणार पण नाही. मिस्त्री खुर्चीवरनं उठले, आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, आणि म्हणाले "लांबी गालाला लावतात, पायाला नाही." १६ गेजचा पत्रा कापून वेल्ड केला, आतून रेड ऑक्साईड. चेसी मात्र ठणठणीत, हातोड्यानं वाजवून बघितली, घंटेसारखी. २१ हजार एवढ्यातच गेले.

आता प्रश्न टायरचा. जुने ६.००-१६ नायलॉन आहेत, भेगा पडलेत. तेच घेऊ का?

मॅटाडोरवाली
रोजच्या डांबरी रस्त्याला रेडियल घ्या, डोळे झाकून. नायलॉन सकाळी एका बाजूला चपटं होऊन बसतं आणि पहिले दोन किलोमीटर गाडी लंगडते.

उद्यमनगरी
बोलेरोचे १५ चे रिम बसतील, पाच बोल्ट, साडेपाच इंचाचा तोच जुना जीपचा पीसीडी, म्हणजे बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास. त्यावर २१५/७५ आर १५. चाकाचा व्यास साधारण ४ टक्क्यांनी कमी होईल, म्हणजे स्पीडोमीटर थोडं जास्त दाखवंल आणि इंजिन जरा जास्त फिरंल. चार गेअरची गाडी हाय, ६० ला छान, ७० ला बोलायला ओरडावं लागतं, तासगाव-सांगलीला ६० पुरे. पण जुने रिम टाकू नको, कधी मन बदललं तर. पासिंगला विचारलं तर आरसीवर टायरचा साईज काय आहे तेवढं फॉर्मवाल्या साहेबांना विचार.

फॉर्म_३१
विचारलंत म्हणून सांगतो, कलम ५२ खाली कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत आरटीओच्या परवानगीशिवाय बदल चालत नाही. ब्रेक सुधारला म्हणून कुणी अडवलेलं मी बघितलं नाही, पण इंजिन बदललं, हौदा वाढवला, रंगाचा गटच बदलला तर नोंद हवीच. निळी आहे ती निळीच ठेवा. टायर बदलायच्या आधी इन्स्पेक्टरला तोंडी विचारा, पाच मिनिटांचं काम आहे. रेडियमच्या पट्ट्या विसरू नका, पुढं पांढरी मागं लाल, निम्म्या गाड्या त्याच्यावरनं परत येतात.

जुनं_ते_सोनं
हेडलाईट एलईडी टाका, दिवस पडल्यासारखा उजेड.

उद्यमनगरी
आणि समोरच्याला आंधळा करा. अजिबात नको. जुन्या गाडीत लाईट पिवळी पडते ते बल्बचं पाप नव्हं, हेडलाईटचा सगळा करंट डॅशच्या स्विचमधनं फिरून जातो आणि ३४ वर्षांच्या वायरीत निम्मा जिरतो. बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज, दोन रिले, आणि साधा ६०/५५ चा हॅलोजन. स्विच फक्त रिलेला सांगायचं काम करंल. आठशे रुपयात नवी नजर.

मळ्यातला
हे केलं काल. मल्टीमीटर लावून बघितलं, आधी बल्बपाशी १०.८ व्होल्ट येत होते, आता १२.३. वडील म्हणाले रस्ता एवढा खराब आहे हे माहीतच नव्हतं.

मळ्यातला
शेवटचं मोठं अपडेट. नऊ महिने झाले धागा काढून.

आरसी माझ्या वडिलांच्या नावावर झाली. चार फेऱ्या, तीन प्रतिज्ञापत्रं. पासिंग दुसऱ्या खेपेला झालं, पहिल्यांदा परत पाठवली, कशावरनं सांगू नका म्हणाल तर सांगत नाही, रेडियम. धूर ४१ आला, जुन्या डिझेलला ६५ पर्यंत चालतो. एजंटला ह्यावेळी फक्त चहा.

खर्च विचारू नका असं म्हणणार होतो पण धागा त्यासाठीच आहे. इंजिन, पंप, क्लच ८२ हजार. ब्रेक आणि स्टेअरिंग, त्यात किंगपिन, टाय रॉड एंड, बुश, ४६. पत्रा २१. टायर रिम ३४. स्प्रिंगचे पाटे उतरवून एक तुटका पाटा बदलून परत कमान दिली, शॉकअप नवे, १९. वायरिंग, बॅटरी, सीटबेल्ट, सीट १८. कागदपत्रं, विमा, दंड धरून ५८, ह्याचा मला आजही राग येतो. झाले २,७८,०००. दीड लाखाचं बजेट कुठल्या तोंडानं लिहिलं होतं देव जाणे. वऱ्हाडी भाऊ, तेवढ्यात खरंच बरी बोलेरो आली असती, तुम्ही बरोबर होता, पण मी अजून ऐकत नाहीये.

दोन महिने रोज नेतोय. लिटरला ११ जाते, म्हणजे दिवसाला चारशे-सव्वाचारशेचं डिझेल, हे ऑफिसच्या लोकांना सांगत नाही. एकदा रस्त्यात बंद पडली, कवठे एकंदच्या अलीकडे, डिझेलच्या लाईनला हवा धरली, बँजो बोल्टचा वॉशर जुनाच ठेवला होता तांब्याचा, तीन रुपये वाचवले म्हणून. एअर काढायला शिकलो, शर्ट गेला. आता डॅशमध्ये दहाचा पान्हा, वॉशर आणि जुना शर्ट असतो. उन्हाळ्यात केबिन म्हणजे तंदूर, पावसात वायपर आपल्या मनाने. पण सकाळी चावी अर्धी फिरवून हीटरला वीसपर्यंत मोजायचं, मग सेल्फ, आणि पहिल्या दणक्यात घेते. मुलगी मागच्या सीटसाठी रडत होती, मागची सीटच नाही म्हटल्यावर मधे बसते आणि वीस तीच मोजते, अठरा विसरते.

रंग शेवटी दिला, उद्यमनगरी दादा, खूश व्हा. पूर्ण नाही, केबिन आणि हौदा, ड्यूको, १६ हजार, वरच्या हिशोबात धरलेले नाहीत.

आणि इथं घोळ झाला. रंगवाल्याला मी दहा वेळा सांगितलं होतं फाळका घासू नको. मी ऑफिसात, त्याचं नवीन पोरगं, घासला. तिन्ही नावं गेली. रात्री झोप नाही. सांगलीत अजून हातानं नंबरप्लेटी, बोर्ड लिहिणारे एक पेंटर शोधले, जुन्या लग्नाच्या फोटोत फाळका दिसत होता तो मोठा करून नेला, त्यांनी तसंच वळण, तसाच पिवळा, लाल सावली देऊन तिन्ही नावं काढली. सुंदर. दुपारी आत्याला घ्यायला गाडी घेऊनच इचलकरंजीला गेलो.

आत्याने गाडीला चक्कर मारली, फाळक्यापाशी थांबली. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "हे कुणाचं नाव लिहिलंय?"

पेंटरने 'शकुंतला' लिहिलं होतं. शुद्ध.

मॅटाडोरवाली
अरे देवा.

मळ्यातला
फोन केला पेंटरना. आधी त्यांना पटेचना, म्हणाले चूक करायचे पैसे घेऊ कसे. रविवारी येतायत, 'कु' वरचा अनुस्वार 'श' वर सरकवायला.

उद्यमनगरी
त्यांना सांग 'क' वरचा पुसून 'श' वर टिंब, आणि उकार 'क' ला. नाहीतर भलतंच काहीतरी लिहून जातील.

फॉर्म_३१
आणि आरसीवर काही नोंद लागत नाही ह्याला.